सांगलीच्या उन्हात टिकेल असं ओव्हरक्लॉकिंग: प्रोसेसरला व्होल्टेज किती द्यायचं आणि कुठं थांबायचं

"४.७ ला किती व्होल्टेज टाकू?" नवीन पीसी घेतलेला जवळजवळ प्रत्येक जण हेच विचारतो, म्हणजे ४.७ गिगाहर्ट्झच्या क्लॉकला, प्रोसेसरच्या वेगाला. कंपनीनं ठरवलेल्यापेक्षा हा वेग वाढवणं म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. आणि माझं उत्तर कायम एकच असतं की हा प्रश्न उलटा करून विचार. आधी ठरवायचं की या चिपला मी जास्तीत जास्त एवढंच व्होल्टेज देणार, त्याच्या वर अजिबात नाही, आणि मग त्या हद्दीत जेवढा क्लॉक बसेल तेवढा घ्यायचा आणि गप बसायचं. क्लॉक आधी मनात धरला आणि त्याच्या मागं व्होल्टेज चढवत गेलं की थांबायचं कुठं तेच कळत नाही, कारण प्रत्येक वेळी "अजून थोडंसं वाढवलं तर चालेल" असंच वाटत राहतं.

दुसरी गोष्ट आपल्या भागाची. तुम्ही जे व्हिडिओ बघता त्यातले बरेच थंड मुलखातले असतात, नाहीतर एसी लावलेल्या स्टुडिओतले. आपल्याकडं सांगली, मिरज, तासगाव, पलूस या पट्ट्यात एप्रिल-मे मध्ये बाहेर ३८-४० चालू असतं आणि स्लॅबखालच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत रात्री दहा वाजता पण ३४-३५ असतं. साताऱ्याकडं थोडं बरं असतं पण तिथंही मे महिना काही थंड नसतो. त्यामुळं त्यांचे आकडे जसेच्या तसे उचलून चालत नाहीत. खाली जे सांगतोय ते ही गोष्ट धरूनच सांगतोय.

आधी बघा, तुमच्या मशीनवर होतंय का

एएमडीचे रायझन प्रोसेसर बहुतेक सगळे खुले असतात, म्हणजे त्यांचा क्लॉक बदलता येतो, पण बोर्ड पण तसा पाहिजे. बी४५०, बी५५०, एक्स५७०, बी६५० असल्या बोर्डांवर प्रोसेसर ओव्हरक्लॉक होतो, ए३२०, ए५२० आणि ए६२० वर होत नाही. रायझन ७ ५८००एक्स३डी ला पण मल्टिप्लायर, म्हणजे क्लॉक ठरवणारा गुणक, बंद ठेवलाय. इंटेलमध्ये नावाच्या शेवटी 'के' असलेला प्रोसेसर आणि झेड सिरीजचा बोर्ड, म्हणजे झेड६९०, झेड७९० वगैरे, दोन्ही लागतं. आपल्याकडं दुकानातनं असेंबल करून मिळणारी बरीच मशीनं आय५-१२४०० आणि एच६१० बोर्डाची असतात, त्यात हे होणार नाही, उगाच बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगच्या मेनूत, शोधत बसू नका. बी६६० आणि बी७६० वर निदान रॅमचं एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या छापील वेगावर चालवणारं प्रोफाइल, चालू करता येतं आणि गेमिंगमध्ये त्याचा फायदा बऱ्यापैकी दिसतो, तर तेवढं करा आणि सोडून द्या.

वॉरंटीचं पण आत्ताच सांगतो. ओव्हरक्लॉकिंगमुळं झालेलं नुकसान एएमडीच्या वॉरंटीत येत नाही, आणि पीबीओ (चिपचा बूस्ट वाढवणारं एएमडीचं सेटिंग) चालू करणं हे पण त्यांच्या हिशोबात ओव्हरक्लॉकिंगच आहे, बोर्डाच्या मेनूत ते सहज एका बटणावर दिलेलं असलं तरी. घरातल्या एकाच पीसीवर सगळ्यांची कामं चालत असतील, भावाचं ऑनलाइन लेक्चर, वडिलांचं टॅली, तर आधी घरात सांगा आणि सगळ्या फायलींचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या. हे मी उगाच भीती घालायला सांगत नाही. अस्थिर प्रोसेसर नुसता बंद पडत नाही, तो चुकीचा हिशोब करून फाइल खराब करून ठेवतो आणि ते तुम्हाला महिन्याभरानं कळतं, तेव्हा चांगली कॉपी शिल्लक राहिलेली नसते.

काहीही बदलायच्या आधी वहीत लिहा

एचडब्ल्यूइन्फो६४ (सेन्सरचे आकडे दाखवतं), सीपीयू-झेड (चिपची माहिती) आणि सिनेबेंच आर२३ (लोड टाकायची टेस्ट) एवढं उतरवून घ्या, तिन्ही फुकट आहे. सगळं स्टॉकवर, म्हणजे कंपनीच्या सेटिंगवर, ठेवून सिनेबेंचची मल्टिकोअर टेस्ट दहा मिनिटं चालवा आणि एचडब्ल्यूइन्फोमधले चार आकडे लिहून ठेवा: लोडवरचं व्होल्टेज, सगळ्या कोअरचा क्लॉक, जास्तीत जास्त तापमान, आणि वॅट. पाचवा आकडा लोक विसरतात आणि तोच सगळ्यात कामाचा, खोलीचं तापमान. भिंतीवर लावायचा साधा थर्मामीटर असला तरी चालेल.

आता ते व्होल्टेज वाचायचं कसं, कारण इथंच नवीन माणूस गोंधळतो. एचडब्ल्यूइन्फोमध्ये व्होल्टेज नावाच्या पाच-सहा ओळी दिसतात. व्हीआयडी म्हणजे प्रोसेसर मागतोय ते, खरं मिळतंय ते नव्हे. एएम४ सॉकेटच्या (५००० पर्यंतच्या) रायझनवर 'एसव्हीआय२ टीएफएन' असं लिहिलेली कोअर व्होल्टेजची ओळ बघायची, एएम५ वर (रायझन ७००० पासनं) तीच एसव्हीआय३ नावानं असते. इंटेलवर बोर्डाच्या सेन्सरखाली व्हीकोर असतं ते बघायचं. आणि आकडा कधी बघायचा? पूर्ण लोड चालू असताना. स्टॉक रायझन ५००० नुसता ब्राउझर उघडा असताना १.४५ च्या आसपास उडी मारतो, ते बघून पोरं घाबरतात की माझी चिप जळतीय, तर तसं काही नाही. त्या क्षणी एखाद-दुसरा कोअर थोडा वेळ जोरात पळत असतो, करंट कमी असतो, आणि चिपच्या आतलं नियंत्रण ते सांभाळून करत असतं. पण तेच १.४५ तुम्ही हातानं फिक्स करून सहाही कोअरवर लोड टाकला तर मात्र चिपचं आयुष्य झिजायला लागतं. व्होल्टेज तेच, पण एका ठिकाणी चालतं आणि दुसऱ्या ठिकाणी मारतं, ह्याचं कारण करंट आणि उष्णता. हे डोक्यात नीट बसवा, कारण "माझा तर स्टॉकलाच १.४५ घेतोय मग मी फिक्स टाकलं तर काय बिघडलं" हा युक्तिवाद मी इतक्यांदा ऐकलाय आणि तो साफ चुकीचा आहे.

व्होल्टेज वाढवलं की आत काय होतं

प्रोसेसर खातो ती वीज क्लॉकच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. समजा ४.४ गिगाहर्ट्झ १.२० व्होल्टवर चालतंय आणि तुम्हाला ४.७ पाहिजे म्हणून १.३५ टाकलं. क्लॉक वाढला ७ टक्के. व्होल्टेज वाढलं साडेबारा टक्के, त्याचा वर्ग केला की साधारण २७ टक्के, आणि त्यात क्लॉकचे सात मिळवले की वीज वाढली ३५ टक्के. सात टक्क्यांसाठी पस्तीस टक्के जास्त उष्णता, ती पण आपल्या मे महिन्यात.

अजून एक हिशोब करून बघा. १२० वॅट खाणाऱ्या प्रोसेसरला १.२ व्होल्ट मिळत असेल तर त्याच्यातनं १०० अँपिअर करंट जातो. शंभर! घरातला दोन हजार वॅटचा गिझर आठ-नऊ अँपिअर घेतो. पीएसयूकडनं (पॉवर सप्लाय) बोर्डाला १२ व्होल्ट येतात आणि सॉकेटच्या शेजारी जे व्हीआरएम, म्हणजे व्होल्टेज उतरवणारं सर्किट, असतं ते त्याचं १.२ करून हा सगळा करंट नखाएवढ्या चिपमध्ये घालतं. त्या चिपमधल्या तारा इतक्या बारीक असतात की जास्त करंट आणि जास्त उष्णता एकत्र आली की तारेतले धातूचे अणूच हळूहळू सरकायला लागतात, ह्याला इलेक्ट्रोमायग्रेशन म्हणतात, शिवाय जास्त व्होल्टेजनं ट्रान्झिस्टर पण म्हातारे होतात. हे एका दिवसात होत नाही. होतं असं की आज १.२५ वर चालणारा क्लॉक काही महिन्यांनी १.२८ मागायला लागतो, आणि तो मागतो म्हणून तुम्ही देता, आणि दिलं की अजून लवकर झिजतो.

म्हणून माझ्या हद्दी अशा. चिपच्या खोक्यावर असा काही आकडा छापलेला नसतो, हे रोज वापरायच्या मशीनसाठी सावधपणे धरलेले आकडे आहेत आणि सगळे पूर्ण लोडवर मोजलेले. रायझन ३००० आणि ५००० ला सगळ्या कोअरवर फिक्स ठेवायचं तर १.२५ पर्यंत आरामात, १.३० ला दार बंद. इंटेलच्या १२व्या पिढीच्या 'के' चिपला १.२५ ते १.३० मध्ये काम भागवा, १.३५ च्या पुढं जाऊ नका. एएम५ वर एसओसी व्होल्टेज (चिपमधल्या मेमरी कंट्रोलरच्या भागाचं) १.३० च्या वर जाऊच द्यायचं नाही. २०२३ मध्ये काही ७८००एक्स३डी चिपा सॉकेटमध्येच जळाल्या, तेव्हा रॅमचं एक्सपो प्रोफाइल (एएमडीचं एक्सएमपी) चालू केल्यावर काही बोर्ड हे व्होल्टेज आपोआप जास्त चढवत होते, मग एएमडीनं बायोसमधनंच १.३० ची हद्द घातली. तुमचा एएम५ बोर्ड त्याच्या आधीच्या बायोसवर असेल तर सगळं सोडा आणि पहिलं ते अपडेट करा.

इंटेल १३व्या आणि १४व्या पिढीवाल्यांनी तर हे आणखी मनावर घ्यायला पाहिजे. त्या चिपांमध्ये ओव्हरक्लॉक न करता सुद्धा जास्त व्होल्टेज आणि उष्णतेमुळं झीज होऊन मशीन अस्थिर व्हायची, इंटेलनं २०२४ मध्ये ते मान्य केलं, मायक्रोकोडची (चिपच्या आतल्या सूचनांची) अपडेट काढली आणि त्या चिपांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. बायोसमध्ये ०एक्स१२बी किंवा त्यानंतरचा मायक्रोकोड असल्याशिवाय या चिपांवर एक सेटिंग पण हलवू नका. सेकंडहँड १३९००के, १४९००के घेताना पण हे विचारा, स्वस्त मिळतोय म्हणून उचलू नका.

आणि जुने लेख वाचून "१.४ पर्यंत काय होत नाही" म्हणणाऱ्यांना एवढंच सांगा की ते २०११ च्या सँडी ब्रिजच्या काळातलं आहे, तेव्हा चिप ३२ नॅनोमीटरची होती. आताच्या रायझनला तो नियम लागत नाही.

उन्हाळ्याचा हिशोब

हवेचा कूलर असो नाहीतर पाण्याचा, तो चिपला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही, तो फक्त खोली आणि चिप यातला फरक सांभाळतो. जानेवारीत खोलीत २४ आहे आणि टेस्टमध्ये चिप ७६ ला गेली, म्हणजे फरक ५२. मे मध्ये खोली ३७ झाली की चिप ८९, आणि खरं तर थोडी जास्तच, कारण तापलेली चिप वीज पण जास्त खाते. रायझन ५ ५६०० ची कमाल मर्यादा ९० आहे, ५६००एक्स ची ९५. म्हणजे जानेवारीत मस्त वाटणारं सेटिंग मे मध्ये काठावर उभं असतं. आणि चिप गरम झाली की त्याच क्लॉकला तिला व्होल्टेज पण थोडं जास्त लागतं, म्हणून हिवाळ्यात पास झालेली मशीन उन्हाळ्यात पडते.

मिरजेत एक ओळखीचा मुलगा लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, ५६०० आहे त्याच्याकडं. थंडीत त्यानं ४.६५ ला १.३० फिक्स केलेलं, सिनेबेंच पास, सगळं छान. एप्रिलमध्ये दुपारी रेंडर लावला की अर्ध्यात मशीन रीस्टार्ट, निळा स्क्रीन पण नाही, डायरेक्ट काळा आणि परत विंडोज. त्याला वाटलं पीएसयू गेला. विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडला तर सिस्टीमच्या यादीत डब्ल्यूएचईए-लॉगर (हार्डवेअरच्या चुकांची नोंद), इव्हेंट १८, कॅश हायरार्की एरर, आणि खाली प्रोसेसर एपीआयसी आयडी, म्हणजे कुठला कोअर ते, प्रत्येक वेळी तोच. म्हणजे पीएसयूचा काही संबंध नव्हता, एकच कोअर बाकीच्यांपेक्षा कच्चा होता आणि तो गरमीत पडत होता. "दादा, त्याला थोडं व्होल्टेज वाढवून देऊ का?" म्हणाला. मी म्हटलं, वाढवायचं नाही, १.३० ला आधीच दाराशी उभा आहेस, क्लॉक खाली आण. ४.५ केला, व्होल्टेज १.२४ केलं, तापमान चांगलंच उतरलं आणि त्याच दुपारी तोच रेंडर पूर्ण झाला. रेंडरला वेळ थोडा जास्त लागतो, पण पूर्ण होतोय.

म्हणून टेस्ट थंडीत करत असाल तर अंदाज असा धरा की उन्हाळ्यात १२-१३ डिग्री वर जाणार आहे, आणि आजच्या टेस्टमध्ये ७०-७५ च्या वर जाऊ देऊ नका. उन्हाळ्यात टेस्ट करत असाल तर ८५ ला थांबा. रायझन ७००० च्या 'एक्स' वाल्यांनी (एक्स३डी नव्हे) फक्त एक लक्षात ठेवा, त्या चिपा स्टॉकवर सुद्धा जोराच्या लोडमध्ये ९५ ला जाऊन थांबतात, कंपनीनं त्या तशाच बनवल्यात, तिथं तापमान बघून घाबरण्यापेक्षा वॅटची हद्द कमी करा.

धूळ साफ करणं ही पण एक पायरीच समजा. गाळप चालू असताना कारखान्याच्या आसपासच्या गावांत काजळी उडते, ती फॅनवर आणि हीटसिंकच्या पात्यांत चिकटून बसते, नुसत्या फुंकरीनं निघत नाही. मऊ ब्रश घ्या, ब्लोअर मारताना फॅनचं पातं बोटानं धरून ठेवा. कॅबिनेट भिंतीला चिकटवून किंवा टेबलाच्या बंद कप्प्यात ठेवलं असेल तर ते आधी बाहेर काढा, ह्यानंच काही डिग्री कमी होतात.

आता बायोसमध्ये

बायोस अपडेट करायचा असेल तर यूपीएसवर करा, लाइट जाण्याचा भरवसा नाही आणि अपडेट चालू असताना वीज गेली तर बोर्ड उघडायची वेळ येऊ शकते. अपडेट झाल्यावर डिफॉल्ट लोड करा आणि रॅमचं एक्सएमपी सध्या बंद ठेवा. रॅम आणि प्रोसेसर एकाच वेळी ताणले आणि मशीन पडली तर दोष कुणाचा ते कळत नाही.

मी ५६०० धरून सांगतो, बाकीच्यांना पद्धत तीच. सीपीयू व्होल्टेज मॅन्युअल करून १.२० टाका. रेशो, म्हणजे तोच मल्टिप्लायर, ४४.०० टाका, म्हणजे ४.४. मग एलएलसी. एलएलसी म्हणजे लोड आला की व्होल्टेज खाली येतं ते किती येऊ द्यायचं त्याचं सेटिंग. बायोसमध्ये १.२५ टाकलं आणि लोडवर १.२१ दिसलं तर बोर्ड खराब नाही, तसं होणं अपेक्षितच आहे. लोक हे खाली येणं बंद करायला एलएलसी सगळ्यात कडक करतात आणि तिथं गडबड होते, कारण लोड अचानक सुटला की व्होल्टेज क्षणभर टाकलेल्या आकड्याच्या वर उडी मारतं. ती उडी तुम्हाला दिसत पण नाही, कारण एचडब्ल्यूइन्फो साधारण दोन सेकंदांनी एकदा वाचतं आणि उडी त्याच्या कितीतरी आधी येऊन गेलेली असते. एलएलसी मधल्या पातळीवर ठेवा. कुठल्या बोर्डावर १ म्हणजे सगळ्यात कडक असतं आणि कुठल्या बोर्डावर १ म्हणजे सगळ्यात ढिलं, त्यामुळं दुसऱ्याचा नंबर कॉपी करू नका, बायोसमध्ये शेजारी छोटा आलेख असतो तो बघा.

सेव्ह करा, विंडोज उघडा, सिनेबेंच दहा मिनिटं. पास झालं की रेशो पाव-पाव नाहीतर अर्ध्यानं वाढवा, ४४.५, ४५, असं, प्रत्येक वेळी दहा मिनिटं, प्रत्येक वेळी वहीत नोंद. व्होल्टेजला हात लावायचा नाही. कुठंतरी मशीन पडेल. पडली की तिथनं रेशो ०.५ नं मागं आणा. मग तुम्हाला कळलं की तुमची चिप १.२० वर एवढं देते. अजून हवं असेल तर १.२२५, मग १.२५, आणि प्रत्येक पायरीला बघा की वाढलेल्या व्होल्टेजच्या बदल्यात क्लॉक किती मिळाला. पहिल्यांदा २५ मिलिव्होल्टला शंभर मेगाहर्ट्झ मिळतील, पुढं पन्नास, मग काहीच नाही. जिथं मिळायचं कमी व्हायला लागलं तिथंच थांबा, हद्द अजून लांब असली तरी. इंटेलला फरक एवढाच की रेशो पूर्ण एकानं, म्हणजे शंभर मेगाहर्ट्झनं वाढतो.

मशीन चालूच झाली नाही तर घाबरू नका. बरेच बोर्ड दोन-तीनदा स्वतःच बंद-चालू होऊन डिफॉल्टवर येतात, एखादं मिनिट वाट बघा. नाही आलं तर पीएसयूची वायर काढा, पॉवरचं बटण थोडा वेळ दाबून धरा, बोर्डवरचा सीएमओएसचा (बायोसची सेटिंग पुसणारा) जंपर स्क्रू ड्रायव्हरनं जोडा, नाहीतर सीआर२०३२ चा गोल सेल काढून पाच-दहा मिनिटांनी परत बसवा. जुन्या बोर्डावर तो सेलच संपत आलेला असतो आणि मग प्रत्येक वेळी लाइट गेल्यावर सगळी सेटिंग पुसली जातात, त्यासाठी कुणाला दोष देऊ नका, नवीन सेल घाला.

फिक्स का पीबीओ

माझं स्पष्ट मत सांगतो. रायझन ५००० आणि पुढच्या चिपांना फिक्स क्लॉक करण्यापेक्षा पीबीओमधलं कर्व्ह ऑप्टिमायझर जास्त चांगलं. फिक्स केलं की एका कोअरच्या कामाला मिळणारा वरचा बूस्ट जातो आणि मशीन रिकामी असली तरी तेच व्होल्टेज घेत बसते. कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये तुम्ही चिपला सांगता की तुझं जे ठरलेलं व्होल्टेज आहे त्यातनं थोडं कमी घे, आणि वाचलेल्या उष्णतेत ती स्वतःच जास्त पळते. एक आकडा म्हणजे साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट. सगळ्या कोअरला निगेटिव्ह १० पासनं सुरू करा, मग १५, मग २०. ५६०० ची ७६ वॅटची हद्द आहे तशीच ठेवली तरी फरक दिसतो आणि तापमान वाढत नाही. आपल्या हवेला हेच योग्य आहे, म्हणून नवीन माणसानं सुरुवात इथनं करावी असं मला मनापासनं वाटतं, फिक्स ओव्हरक्लॉक शिकायला म्हणून करून बघावा.

फक्त ह्याची परीक्षा वेगळी घ्यावी लागते. कर्व्ह जास्त खाली नेला की मशीन लोडवर पडत नाही, उलट निवांत असताना पडते, ब्राउझर उघडताना, गाणं चालू असताना, स्लीपमधनं उठताना, कारण तेव्हाच एकेक कोअर सगळ्यात वरच्या क्लॉकला जातो. त्यासाठी कोअरसायकलर नावाचं टूल आहे, ते एकेक कोअर आळीपाळीनं तपासतं आणि कुठला पडला ते सांगतं. रात्रभर लावून ठेवा. जो कोअर पडला त्याचाच आकडा ५ नं वर आणा, बाकीच्यांना हात लावू नका.

स्थिर आहे हे कधी म्हणायचं

दहा मिनिटं सिनेबेंच पास झालं म्हणजे मशीन स्थिर झाली असं नाही, त्यावरनं एवढंच कळतं की पुढची टेस्ट घेण्यात अर्थ आहे. त्यानंतर ओसीसीटी किंवा वाय-क्रंचर, ही पण लोड टाकणारी टूलच, तासभर. प्राइम९५ चं स्मॉल एफएफटी सगळ्यात जास्त तापवतं, ते पंधरा-वीस मिनिटं समोर बसून चालवा, तापमानावर डोळा ठेवून, लावून जेवायला जाऊ नका. प्राइममध्ये एखादा वर्कर थांबला आणि राउंडिंगची एरर आली म्हणजे चिपनं गणित चुकवलं, मशीन चालू असली तरी ते नापासच. मग एक्सएमपी चालू करा आणि रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६ चा पूर्ण फेरा, आणि परत सगळं. शेवटी तुमचं खरं काम, तुमचा नेहमीचा रेंडर, तुमचा गेम, भर दुपारी. आणि एक थंड बूट, म्हणजे रात्री बंद करून सकाळी चालू करून बघणं.

इव्हेंट व्ह्यूअर रोज एकदा उघडायची सवय लावा. डब्ल्यूएचईए-लॉगरची १८ नंबरची नोंद म्हणजे मशीन पडलीच. १९ नंबर म्हणजे चूक झाली पण हार्डवेअरनं ती सुधारली, तुम्हाला स्क्रीनवर काहीच दिसलं नाही. ही १९ ची नोंद बघून "चालतंय की" म्हणून पुढं जाऊ नका, स्टॉकवर येत नव्हती आणि आता येतीय म्हणजे कुठंतरी ताण जास्त झालाय. निळ्या स्क्रीनवर क्लॉक वॉचडॉग टाइमआउट आलं तर बहुतेक वेळा कोअरला व्होल्टेज कमी पडतंय, मेमरी मॅनेजमेंट आलं तर आधी रॅमकडं बघा. आणि दोन्ही वेळी पहिला उपाय क्लॉक कमी करणं हाच, व्होल्टेज हद्दीच्या आत शिल्लक असेल तरच ते वाढवायचा विचार.

लाइट, यूपीएस, अर्थिंग

आपल्याकडं महावितरणचा दाब दिवसभर खालीवर होतो म्हणून लोक विचारतात की त्यानं व्हीकोर हलतं का. चांगला पीएसयू आणि व्हीआरएम मध्ये असल्यामुळं तसं थेट हलत नाही, पण स्वस्तातला, नाव नसलेला पीएसयू असेल तर ओव्हरक्लॉकिंगच्या नादी लागू नका, तो पैसा आधी पीएसयूत घाला. यूपीएसचं असं की ६०० व्हीएचा म्हणून मिळतो तो साधारण ३६० वॅटचाच असतो. स्टॉकवर तो पुरत होता, आता प्रोसेसर चाळीस-पन्नास वॅट जास्त खातोय आणि वर ग्राफिक्स कार्ड आहे, तर लाइट गेल्या क्षणी यूपीएस टूं करून बंद पडणार. हे एकदा मुद्दाम करून बघा, लोड चालू ठेवून भिंतीवरचं बटण बंद करा, अर्थात महत्त्वाची फाइल उघडी नसताना.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही. जुन्या घरात तिसऱ्या पिनला मागं वायरच जोडलेली नसते. वायरमन बोलवून ते तपासून घ्या, ओव्हरक्लॉक करा नाहीतर करू नका, हे केलंच पाहिजे.

व्हीआरएमला विसरू नका. स्टॉक कूलर वरनं खाली हवा मारतो त्यामुळं सॉकेटच्या शेजारच्या भागाला आपोआप वारा लागतो, लिक्विड कूलर लावला की तो वारा जातो आणि प्रोसेसर थंड दिसतो पण व्हीआरएम भाजत असतं. ज्या बोर्डावर व्हीआरएमला हीटसिंकच नाही त्यावर फिक्स ओव्हरक्लॉक करू नये, मग तो बी४५० असला तरी.

सगळं बसलं की बायोसमध्ये प्रोफाइल सेव्ह करा आणि वहीत तारीख, खोलीचं तापमान, व्होल्टेज, क्लॉक लिहा. एप्रिलच्या शेवटी एखाद्या दुपारी तीच टेस्ट परत घ्या. पडली तर क्लॉक ५०-१०० मेगाहर्ट्झनं कमी करा आणि पावसाळा लागेपर्यंत तिथंच राहू द्या. आणि पुढच्या थंडीत, खोली तेवढीच गार असताना, जर त्याच क्लॉकला गेल्या वर्षीपेक्षा जास्त व्होल्टेज लागायला लागलं, तर ती झीज आहे. तिथं व्होल्टेज वाढवू नका, कर्व्ह थोडा वर आणा नाहीतर क्लॉक खाली आणा, आणि नवीन आकडा जुन्याच्या खाली लिहून ठेवा.